न आलेल्या घोडीची दौड

१

ज्या घोडीने गुरुवारी तबेल्याबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं, तिच्या गुरुवारच्या दौडीचं वर्णन शनिवारच्या पेपरात छापून आलं होतं. आणि तेही असं रंगवून, की वाचणाऱ्याला टापा ऐकू याव्यात.

रेसकोर्सच्या सचिवांनी पेपर टेबलावर पसरला आणि त्या मजकुरावर बोट ठेवलं. समोर घोड्यांची डॉक्टरीण उभी होती. सकाळपासून तबेल्यांच्या चकरा मारून तिचे बूट चिखलाने माखले होते आणि सचिवांच्या गालिच्यावर त्यांचे ठसे उमटले होते. एरवी त्यावरून तिला चार शब्द ऐकावे लागले असते. आज सचिवांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"वाचा," ते म्हणाले.

'आजच्या शर्यती' हे सदर ती अक्षरं जुळवायला शिकली तेव्हापासून वाचत आली होती, कारण ते तिच्या मामाचं होतं. शर्यतीच्या दिवशी सकाळी अर्धं शहर चहाच्या कपाबरोबर ते उघडायचं. कोण जिंकेल, कोणावर भिस्त ठेवावी, कोणाच्या नादी लागू नये, हे मामा सांगणार आणि लोक मान डोलावणार. आज चौथ्या, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीबद्दल त्याने लिहिलं होतं:

'इथे दुसरं नाव घेण्यात अर्थ नाही, चंद्रज्योतच जिंकणार. गुरुवारी सकाळी ती शेवटच्या वळणावरून आली तेव्हा चारही पाय कसे एका तालात पडत होते. वळण संपताच तिने आधी पडणारा पाय बदलला तो इतका हलका, की मध्ये एक ठोका चुकला नाही. सोबतचा घोडा धापा टाकत मागे पडला, हिचा श्वास मात्र संथ. स्वाराने एकदाही चाबूक लावला नाही.'

"गुरुवारी त्या वेळी चंद्रज्योत कुठे होती, डॉक्टर?"

"तबेल्यात," ती म्हणाली. खोटं बोलायला जागाच नव्हती. "खुरात पू झाला होता. तिचा पाय माझ्या मांडीवर होता आणि ट्रेनर शेजारी उभे होते."

"आज सकाळी तुम्हीच तिला शर्यतीतून बाद केलंत. बरं, गुरुवारी धुकं किती होतं?"

"चार पावलांवरचं दिसत नव्हतं."

"म्हणजे घोडी तबेल्यात, मैदान धुक्यात, आणि तुमच्या मामांना मात्र तिने पाय बदललेलासुद्धा दिसला!" सचिवांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोनच अर्थ निघतात. एक तर ते घरी बसून पुड्या सोडतात. नाहीतर कुणीतरी त्यांच्याकडून हे लिहून घेतलं. सगळा पैसा चंद्रज्योतकडे ओढला गेला की त्याच शर्यतीतल्या बाकी घोड्यांचे भाव फुगतात, त्यांच्यावर लावलेल्या एका रुपयाचे दहा मिळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. कुठलाही अर्थ खरा असला तरी सकाळच्या दौडी बघायचा त्यांचा पास मला काढून घ्यावा लागेल. पेपरच्या संपादकांचाही फोन येऊन गेला. पास गेला तर सदर गेलं."

"मामा खोटं लिहिणार नाही."

"आज सकाळपर्यंत मीही हेच म्हणत होतो."

तिने पहिल्या शर्यतीपर्यंत वेळ मागून घेतला. सचिव माणूस वाईट नव्हता. त्यांनी तो दिला, पण पासाच्या फायलीवरचा हात काही उचलला नाही.

२

आईवडील गेल्यावर तिला मामा-मामीनेच वाढवलं होतं. पहाटे तिला उठवून, स्वतःच्या मफलरमध्ये गुंडाळून मामा दौडी बघायला न्यायचा. घोड्यांचं वेड तिला तिथेच लागलं, आणि त्या वेडापायीच ती डॉक्टर झाली. डॉक्टर झाली त्या दिवशी मामाने एक नियम घालून दिला: घरात घोड्यांचा विषय काढायचा नाही. तबेल्यातलं दुखणं टिप देणाऱ्याच्या कानावर गेलं, तर तिची नोकरी जायची आणि त्याची अब्रू. दोघांनी तो नियम इतका काटेकोर पाळला होता की आठवड्यातून दोनदा जेवायला येऊनही चंद्रज्योतच्या खुराबद्दल ती चकार शब्द बोलली नव्हती. आज पहिल्यांदा तिला त्या नियमाचा राग आला.

मामा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. तिने सगळं सांगितलं. घोडी गुरुवारी बाहेर पडलीच नव्हती, हे ऐकताना त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण क्षणभरच.

"मी होतो तिथे," तो म्हणाला. "माझ्या समोरून गेली ती."

"मामा, तिचा पाय माझ्या मांडीवर होता!"

"मग तसं असेल. पण मी जे लिहिलं ते तिथे घडलं."

"कुणी सांगितलं होतं का तुला लिहायला?"

"पोरी," मामा म्हणाला, आणि त्या एका शब्दाने तिची मान खाली गेली.

त्याच्याजवळ सरकून बसावं म्हणून तिने दाराजवळचं स्टूल ओढलं. तेवढ्यात मामी स्वयंपाकघरातून तीरासारखी आली. "ते हलवू नकोस! कितीदा सांगायचं, या घरातली वस्तू जागची हलवायची नाही म्हणून." तिने स्टूल उचलून परत जागेवर ठेवलं, वर हाताने चाचपून भिंतीला नीट टेकलंय ना ते पाहिलं. मामी अशी कडक कधीपासून झाली कोण जाणे. एके काळी या घरात चपलेचा एक पाय सापडला की दुसऱ्याची शोधमोहीम निघायची.

मामा सांगायचा आणि मामी लिहून घ्यायची, ही सदराची रीत. डॉक्टरणीने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "मामी, लिहिताना नाव चुकलं नाही ना?"

"मी कशाला चुकवू? ते म्हणाले चंद्रज्योत, मी लिहिलं चंद्रज्योत. मला कुठे घोडा आणि खेचर यातला फरक कळतो?" मामीने गॅस बारीक केला आणि आवाजही. "हे बघ, काहीही कर, पण त्यांची पहाट काढून घेऊ देऊ नकोस. लाच खाल्ली म्हणा, आळशी म्हणा, ते ऐकून घेतील. पण त्या कठड्याशी उभं राहणं बंद झालं ना, तर ते या खुर्चीतून उठायचे नाहीत."

निघताना डॉक्टरणीने खुंटीवरची दुर्बीण मागितली. मामा बसतो तिथून काय दिसतं ते तिला स्वतः बघायचं होतं. मामा नको म्हणाला नाही. फक्त म्हणाला, "घड्याळकाकाला मध्ये ओढू नकोस."

तिने तर घड्याळकाकांचं, मामाच्या त्या जुन्या सोबत्याचं, नावही काढलं नव्हतं.

३

घड्याळकाकांआधी तिने ट्रेनरला गाठलं. भाव फुगल्याचा फायदा कुणाला होणार होता, तर त्याला. चौथ्या शर्यतीत त्याच्या दोन घोड्या होत्या. एक चंद्रज्योत, दुसरी उनाड. चंद्रज्योतचा गाजावाजा झाला की उनाडकडे कुणी ढुंकून बघणार नाही, आणि मग शांतपणे तिच्यावर पैसे लावता येतील. कागदावर हे सगळं फार छान जुळत होतं.

ट्रेनर चंद्रज्योतच्या दाराशी उभा राहून तिला गाजरं भरवत होता. घोडी शर्यतीतून बाद झाल्याचं दुःख तिच्यापेक्षा त्यालाच जास्त झालेलं दिसत होतं.

"मी लिहायला लावलं?" तो भडकला. "उनाडसाठी? डॉक्टर, त्या घोडीवर मी माझ्या सासऱ्याचे पैसेसुद्धा लावणार नाही. नावाप्रमाणे उनाड आहे ती. पळता येतं, पण मनात आलं तर. मालकाची हौस म्हणून तिला उतरवतोय. आणि चंद्रज्योतचं दुखणं मी का लपवलं? कारण काल संध्याकाळपर्यंत वाटत होतं ती बरी होईल. तबेल्यातली गोष्ट तबेल्यात ठेवायची, सगळेच ठेवतात. तुम्ही नाही ठेवली?"

ठेवली होती. ती खुराची पट्टी बदलायला वाकली. चंद्रज्योत हात लावताच बिथरली, मागे सरली, भिंतीवर आदळणार इतक्यात तिचा सकाळच्या दौडींचा रायडर आत आला. काटकुळा, मध्यम वयाचा माणूस. त्याने हळूच शिट्टी वाजवायला सुरुवात केली. चढत जाणारे तीन सूर, मग एक लांबलेला. घोडीचे कान फिरले आणि ती जागच्या जागी थबकली.

"लहानपणापासून भित्री आहे," रायडर म्हणाला. "दौडीलासुद्धा शिट्टी लागते बाईसाहेबांना. नाहीतर वळणावर बुजतात."

पट्टी झाली. ट्रेनरच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते लपवायला तो गाजरांवर चिडत होता. असा माणूस कट रचून स्वतःच्या लाडकीला मध्ये घालेल, हे तिला पटेना. मग उरलं कोण? नको म्हटलेलं एकच दार उरलं होतं.

४

घड्याळकाका म्हणजे सकाळच्या दौडींचे वेळ टिपणारे. मामाचे जन्माचे दोस्त. पहाटे मामाच्या घराखाली येऊन हाक मारायची, दोघांनी मिळून मैदानावर जायचं, एका बाकावर बसायचं, आणि परतताना कुठला घोडा चांगला यावरून भांडत यायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आत्ता ते प्रेक्षकांच्या स्टँडखालच्या आपल्या खोलीत बसून हातातलं घड्याळ उगाचच पुसत होते.

"काका, गुरुवारी तुमच्या घड्याळात चंद्रज्योतची वेळ आहे?"

"गुरुवारी मी नव्हतो," काका म्हणाले. "लेकीचं बाळंतपण. आदल्या संध्याकाळीच तिकडे गेलो. नात झाली." एवढी गोड बातमी, पण सांगताना त्यांचा चेहरा गुन्हेगारासारखा झाला होता. "त्याला म्हटलं होतं, एक दिवस नको जाऊस. म्हणाला, इतकी वर्षं गेलो, पायांना रस्ता पाठ आहे."

"पायांना रस्ता पाठ आहे?"

काकांनी जीभ चावली. "म्हणजे आपली बोलायची पद्धत."

"काका, बाकावर बसल्यावर तुम्ही दोघं काय बोलता?"

"काय बोलणार? मी आपला पुटपुटत असतो. हा आला, ती गेली, आता काळा पुढे निघाला... मला सवयच आहे एकट्याने बडबडायची."

"सवय कधीपासूनची?"

काकांनी पुन्हा फडकं चालवलं. घड्याळ पुसून पुसून त्याची काच फुटते की काय असं तिला वाटलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "एक दिवस नव्हतो गं मी. एकच दिवस." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

५

ती मामाच्या बाकावर जाऊन बसली. कठडा हाताच्या अंतरावर, पलीकडे हिरवंगार मैदान, आणि उजवीकडे शेवटचं वळण. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. सगळं दुधात बुडवल्यासारखं. तिने मधलं चाक फिरवायला घेतलं तर ते हलेना. पुष्कळ जोर लावल्यावर ते करकरत फिरलं आणि त्याच्या खाचेतून धूळ गळली. हे चाक मामा दौडी बघताना दर मिनिटाला फिरवायचा. ते गंजेपर्यंत कुणी हात लावला नव्हता.

तिने दुर्बीण मांडीवर ठेवली.

तिने डोळे मिटले आणि सकाळचा मजकूर मनात पुन्हा वाचला. चारही पाय एका तालात पडत होते. मध्ये एक ठोका चुकला नाही. सोबतचा घोडा धापा टाकत होता, हिचा श्वास संथ होता. चाबूक लावला नाही. घोडीची मान कशी होती, कान कसे होते, घामाने अंग चमकत होतं का, यातलं एक अक्षर नव्हतं. त्या चार वाक्यांत जे काही होतं ते सगळं डोळे मिटून कळण्यासारखं होतं. मग धुकं असलं काय आणि नसलं काय!

पण नाव? टापांवरून आणि श्वासावरून घोडी किती चांगली पळते ते मामाला कळेल. सगळी हयात त्यात गेली होती त्याची. मात्र ती चंद्रज्योतच आहे हे त्याला कुणी सांगितलं? शेजारी पुटपुटायला काका नव्हते.

तेवढ्यात मागच्या वाटेवरून कुणीतरी घोडा घेऊन चाललं होतं आणि शिट्टी वाजवत होतं. चढत जाणारे तीन सूर, मग एक लांबलेला. डोळे न उघडताच तिच्या मनात आलं, चंद्रज्योतला कशाला बाहेर काढलं यांनी? ती ताडकन उठून वळली.

रायडरच्या हातातल्या दोरीला चंद्रज्योत नव्हती. उनाड होती.

"गुरुवारी तू कुणावर होतास?" तिने धावत जाऊन विचारलं.

"हिच्यावरच. चंद्रज्योत आजारी, मग मला हिच्यावर बसवलं."

"आणि शिट्टी वाजवलीस?"

रायडर ओशाळला. "वाजवली. ही बया मनावर घेत नाही ना कधी. म्हटलं, बघू हिला तरी लागू पडते का. आणि डॉक्टर, काय सांगू, अशी पळाली अशी पळाली, की सोबतचा घोडा कुठल्या कुठे राहिला. ट्रेनरसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, धुक्यात सगळेच घोडे पळतात."

६

पहिल्या शर्यतीला थोडाच अवकाश होता. मामा आणि मामी टॅक्सीने आले. मामाने ठेवणीतला कोट घातला होता, आणि मामी त्याच्या अर्धं पाऊल पुढे चालत होती. मामी पाणी आणायला गेली तशी डॉक्टरीण मामाजवळ बाकावर बसली.

"तुला शिट्टी ऐकू आली," ती म्हणाली. "ती शिट्टी फक्त चंद्रज्योतसाठी वाजते, म्हणून तू चंद्रज्योत म्हणालास. पण रायडरच्या खाली उनाड होती. तू एक शब्द खोटा लिहिला नाहीस, मामा. तुझं फक्त नाव चुकलं."

मामाने गुडघ्यावर बोटांनी टापांचा ताल धरून पाहिला. मग खोल श्वास घेऊन म्हणाला, "उनाड! तरीच. मला वाटलं, चंद्रज्योतचा मागचा पाय इतका जोरात कधीपासून पडायला लागला?" त्याच्या चेहऱ्यावर आधी कारागिराचा आनंद आला, आणि मग त्याला बाकीचं उमगलं. "म्हणजे तुला कळलं."

"कधीपासून?"

"वर्ष होऊन गेलं. कडेकडेचं थोडं दिसतं. समोर बघावं तर तिथेच काही नसतं. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच." त्याने गुडघ्यांवर हात चोळले. "घड्याळ्याला मी कधी सांगितलं नाही, त्याने कधी विचारलं नाही. एक दिवस आपणहून नावं पुटपुटायला लागला. घोडा कोण ते तो सांगतो, कसा आहे ते मी सांगतो. चाललं होतं. तुझ्या मामीला मात्र पत्ता लागू दिला नाही. तिला कळलं असतं तर पहाटेचा रस्ता ओलांडू दिला नसता तिने."

डॉक्टरणीला रडू फुटत होतं. ते दाबून ती घाईघाईने म्हणाली, "ऐक. सचिवांना डोळ्यांचं सांगायची गरजच नाही. गुरुवारी धुकं होतं. धुक्यात तू कानावर विसंबलास, शिट्टीने घोटाळा झाला. सगळं खरं आहे. पास राहील, सदर राहील, पहाट राहील."

मामाने हात पुढे केला, तिचं डोकं शोधलं आणि त्यावर थोपटलं. होय म्हणाला की नाही, ते तिला कळलं नाही.

७

सचिवांच्या खोलीत रायडरने शिट्टी वाजवून दाखवली. ट्रेनरने दाराशी उभं राहून मान हलवली. डॉक्टरणीने एकेक गोष्ट पुढे मांडली: दोन घोड्या एकाच तबेल्याच्या, रायडर एकच, धुक्यात दिसणं अशक्य, आणि मजकुरातली प्रत्येक गोष्ट कानाने कळणारी. सचिव ऐकता ऐकता खुर्चीत सैलावले. शेवटी तर ते हसले.

"धुक्यात कानाने घोडा ओळखायचा! धन्य आहे. मामासाहेब, माफ करा. मी भलतंच मनात आणलं." त्यांनी पास फायलीतून काढून पुढे धरला.

मामाने तो घेतला नाही. पास नेमका कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं, पण हात न पुढे करण्याचं कारण ते नव्हतं.

"थांबा," तो म्हणाला. "धुकं नसतं तरी मला दिसलं नसतं."

सचिवांनी पास हळूच टेबलावर ठेवला.

"वर्षभर माझा दोस्त माझ्यासाठी बडबड्या झाला. आज ही पोर, जिने जन्मात मला फसवलं नाही, ती अर्धं खरं बोलायला शिकली. आणखी किती जणांना कामाला लावू? मला समोरचं दिसत नाही, साहेब. लोक समजतात, यांनी पाहिलंय म्हणजे झालं. तर त्यांना कळू द्या की यांनी ऐकलंय. मग ठेवायचा तर ठेवा विश्वास. आणि चौथ्या शर्यतीआधी फलकावर लावा, की ती दौड उनाडची होती. पास द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा." एवढं एका दमात बोलून तो दाराकडे वळला. मामी तिथे आहे हे त्याला तिच्या बांगड्यांवरून माहीत होतं. "अगं, तुलाही सांगायचं राहून गेलं..."

"मला काय आज कळतंय होय?" मामी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण तोरा जुनाच होता. "वर्षभर घरातलं स्टूल जागेवर कोण ठेवतंय? तुम्ही पहाटे जिना उतरलात की गॅलरीत जाऊन, घड्याळभावोजी भेटले की नाही ते कोण बघतंय? गुरुवारी ते आले नाहीत. पदर खोचून तुमच्या मागून मैदानापर्यंत आले मी, धुक्यातून, तुम्हाला पाऊल ऐकू येऊ नये म्हणून अनवाणी."

शिट्टीवरून घोडी ओळखणाऱ्या माणसाला चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोची पावलं ऐकू आली नव्हती.

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुसायला त्यावर काही नव्हतं. मग ते उठले आणि पास मामाच्या वरच्या खिशात स्वतः खोचला. "दौडींना यायचं," ते म्हणाले. "फक्त एकटं यायचं नाही. संपादकांशी मी बोलतो. सदरावर घड्याळवाल्यांचंही नाव टाका, म्हणजे त्यांना पुटपुटावं लागणार नाही."

दाराशी ट्रेनर डोकं धरून उभा होता. फलकावर ते लागलं की उनाडचा भाव पार खाली येणार होता, आणि त्याने मघाशीच, रायडरचं ऐकून, गुपचूप थोडे पैसे काढले होते. ते अजून लावायचे राहिले होते.

८

चौथ्या शर्यतीला कठड्याशी मुंगी शिरायलाही वाव नव्हता. मामा मध्ये, एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरीण. काका मागे उभे होते, पण आज त्यांनी मुद्दाम तोंड मिटलं होतं. मामी म्हणाली होती, आज मी सांगणार.

घोडे वळणावर आले आणि एवढा आरडाओरडा उठला की टापा, श्वास, सगळं त्यात बुडून गेलं. मामाने मान तिरकी केली, कान पुढे केला, पण काही हाती लागेना. डॉक्टरीण त्याच्याकडेच बघत होती. वर्षभर त्याने कुणाला एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्याने ओठ आवळले, आणि मग ते सोडले.

"काय चाललंय?" तो ओरडला. "सांग ना गं! कोण पुढे आहे?"

"एक लाल टोपीवाला आहे," मामी जिवाच्या आकांताने ओरडली. "नाही, थांबा! मधून कुणीतरी घुसलं. पिवळं आहे काहीतरी. पिवळी आपली ना?"

"उनाडची टोपी पिवळीच!" काकांना राहवलं नाही.

"मग आपलीच! आली, आली, अहो पोचली त्याच्याजवळ... पळ की मेले! आता दोघं एकत्र आहेत... आता... संपलं का? हेच शेवटचं का?"

"शेवटचा खांब आला का, खांब?"

"आला. लालवाला पुढे होता." मामीचा आवाज पडला. "हरली हो. जरा अजून रस्ता असता ना, तर."

"किती अंतराने?"

मामीने डोळे पुसले आणि प्रामाणिकपणे विचार केला. "मानेएवढं. नाही, तेवढंही नाही. नाक म्हणा."

मामा हसायला लागला. पहिलं येणारं नाव त्याच्या सदरात कुठेच नव्हतं आणि त्याची घोडी नाकाने हरली होती, तरी तो पोट धरून हसत होता. आजूबाजूचे लोक तिकिटं फाडत होते आणि या म्हाताऱ्याकडे चमकून बघत होते. मागून काका म्हणाले, "चाबूक दोनदा लागला तिला, म्हणून ताल चुकला." मामा म्हणाला, "बघितलंस? पुढच्या वेळी शिट्टी वाजवणाऱ्यालाच बसवायला सांग." लगेच दोघांचं जुंपलं.

गर्दी पायऱ्यांकडे लोटली. डॉक्टरीण मामाला धरायला पुढे झाली, पण त्याने तिला हातानेच थांबवलं. तो मामीकडे वळला आणि कोपर जरा बाहेर काढून उभा राहिला.

"हात दे गं जरा."

मामी लाजली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने त्याचा हात कधी धरला नव्हता. "अहो, लोक बघतायत!"

"बघू देत की," मामा म्हणाला. "मला कुठे दिसतायत!"